मस्टँगचा मागचा एक्सल आणि ४.१०चा मोह

अमेरिकेत जुनी फोर्ड मस्टँग विकत घेणारा माणूस पहिल्या काही महिन्यांत हमखास दोन उद्योग करतो. सायलेन्सर बदलतो आणि मागच्या एक्सलमधल्या गिअरची चौकशी सुरू करतो. सायलेन्सरने शेजाऱ्यांची झोप उडते, गाडी होती तशीच राहते. मागच्या गिअरने मात्र गाडीचा स्वभाव बदलतो. त्यामुळे त्याबद्दलचे सल्ले फुकट आणि पोत्याने मिळतात. त्यातला सगळ्यात लाडका सल्ला असा, की ४.१० टाक, फार विचार करू नकोस.

विचार करायला हवा. १९८७ ते १९९३ या काळातली पाच लिटर व्ही-८ इंजिनाची, पाच गिअरची मस्टँग असेल तर मागचा गिअर बदलण्याइतका पैसा वसूल करून देणारा दुसरा बदल शोधून सापडणार नाही. पण रोजच्या वापराच्या गाडीत तो आकडा ३.५५ किंवा फार तर ३.७३ला थांबावा. ४.१० शर्यतीच्या पट्टीवर जाणाऱ्यांना लखलाभ होवो. आणि गाडी नवी, सहा किंवा दहा गिअरची असेल तर या खर्चाच्या वाटेला जाऊच नये. हे मत बऱ्याच जणांना मिळमिळीत वाटेल. पण त्यामागचा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराचा आहे आणि तो ज्याचा त्याने करून बघावा.

मस्टँगसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाकं मागे. गिअरबॉक्समधून निघालेला लांब शाफ्ट मागच्या एक्सलपाशी संपतो. त्याच्या टोकाला छोटा दातेरी गिअर असतो, तो पिनियन. तो ज्या मोठ्या कड्याला फिरवतो ते क्राऊन व्हील. आपल्याकडच्या गॅरेजात या जोडीला सरळ ‘क्राऊन-पिनियन’ म्हणतात. मुंब्र्याच्या भारत गिअर्समध्ये अशा जोड्या वर्षानुवर्षं तयार होत आल्या आहेत. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, हा मागच्या एक्सलचा आकडा. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १५ दाते असतील तर २.७३. क्राऊनला तेच ४१, पण पिनियनला ११ असतील तर ३.७३. पिनियनचे दाते १०वर आणले की ४.१०, म्हणजे शाफ्टचे चार फेरे पूर्ण होऊन वर थोडं फिरणं झालं की चाकाचा एक फेरा. आकडा मोठा झाला की ओढ वाढते, आणि त्याच वेगाला इंजिनाला जास्त फेरे मारावे लागतात. इथे फुकट काही मिळत नाही.

हे आकडे असे अर्धवट का असतात, सरळ ४ का नसतो? ४० आणि १० दात्यांची जोडी केली तर पिनियनचा एक ठरावीक दाता क्राऊनच्या त्याच चार दात्यांना जन्मभर भेटत राहील. त्यातला एखादा दाता जरा खडबडीत निघाला तर त्याची खूण त्याच जागी खोल होत जाईल. ४१ ही मूळ संख्या. तिच्याबरोबर १०, ११ किंवा १५ काहीही घ्या, सामाईक विभाजक निघत नाही. प्रत्येक दाता कधी ना कधी समोरच्या प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

आपल्याकडे हे गणित कागदावर न मांडताही लोकांना ठाऊक असतं. खडीच्या खाणीवर चालणाऱ्या टिपरचा एक्सल आणि हायवेवर कंटेनर ओढणाऱ्या ट्रकचा एक्सल सारखा चालत नाही, हे ट्रकमालकाला सांगावं लागत नाही. बुलेटचं पुढचं स्प्रॉकेट एका दात्याने मोठं करून हायवेला इंजिन शांत करून घेणारे आणि मग ताम्हिणीत तिसऱ्यावर रखडणारेही आपण पाहिले आहेत. हिशेब तोच आहे, फक्त दिशा उलटी.

मग फोर्डच्या इंजिनिअरांनी २२५ हॉर्सपॉवरच्या गाडीत २.७३सारखा सुस्त आकडा का घातला? त्यांना गिअर कळत नव्हते असं नाही. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं. १९७४मध्ये अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा लादली. १९७५च्या कायद्याने प्रत्येक मोटार कंपनीला तिच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी मायलेजचं बंधन घातलं. ते वाढत वाढत १९८५पर्यंत गॅलनला साडेसत्तावीस मैलांवर पोहोचलं, आपल्या भाषेत लिटरला पावणेबारा किलोमीटरच्या आसपास. त्या सरासरीला पाच लिटरची व्ही-८ म्हणजे मोठंच ओझं. तिच्या मायलेजमध्ये जी काही सुधारणा कागदावर दाखवता येईल ती हवीच होती, आणि त्यातला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मागचा आकडा खाली आणणं. मॅन्युअल मस्टँगला २.७३ कारखान्यातूनच आला. ज्यांना कळत होतं ते जास्तीचे पैसे देऊन ३.०८ मागवत.

परिणाम काय झाला ते बघा. १९९१पासूनच्या गाडीला २२५/५५ आर १६ मापाचे टायर आहेत. त्यांचा घेर दोन मीटरहून जेमतेम पाच सेंटिमीटर जास्त. टी-५ नावाच्या त्या गिअरबॉक्समध्ये पाचव्या गिअरचं गुणोत्तर ०.६८. या हिशेबाने ताशी १०० किलोमीटरला पाचव्यात इंजिन फिरतं मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर. ५५ मैलांच्या मर्यादेत चालवली तर साडेतेराशेच्याही खाली. या इंजिनाची सगळ्यात जास्त ओढ येते ३२००च्या आसपास. म्हणजे पाचवा गिअर जवळजवळ शोभेचा. रस्ता सपाट असेतोवर ठीक. जरा चढ आला किंवा पुढच्या ट्रकला ओलांडायचं झालं की चौथा, नाही तर थेट तिसरा. खंडाळ्याच्या घाटात पाचव्यावर ढकलत नेलेली, मायलेजसाठीच घडवलेली एखादी छोटी गाडी कशी कुरकुरते, हे पुणे-मुंबई करणाऱ्यांना ठाऊक आहे. ‘किती देते?’ या प्रश्नाचं उत्तर छान दिसावं म्हणून गिअर लांबवायची हिकमत फक्त अमेरिकेची नाही.

आता याच गाडीत २.७३च्या जागी ३.७३ टाकला तर काय होतं? इथेच बहुतेक सल्लागार चुकतात. ते म्हणतात, ओढ ३७ टक्क्यांनी वाढली. प्रत्येक गिअरपुरतं ते खरं आहे. पण टी-५ गिअरबॉक्समध्ये तिसरा गिअर १.३३ आणि चौथा १.००. जुन्या एक्सलवर तिसऱ्याचा एकूण आकडा येतो १.३३ गुणिले २.७३, म्हणजे ३.६३. नव्या एक्सलवर चौथ्याचा एकूण आकडा येतो ३.७३. दोन्ही जवळजवळ सारखेच. तसंच नवा पाचवा आला २.५४वर, जुन्या चौथ्याच्या अगदी जवळ. थोडक्यात, वरचे गिअर जवळजवळ एका घराने सरकले. आधी तिसऱ्यात जे मिळत होतं ते आता चौथ्यात मिळतं. ओव्हरटेक करताना ज्या चालकाला आधीही तिसरा टाकायचा कंटाळा नव्हता, त्याला या बदलाने नवी ताकद मिळालेली नाही. त्याचा हात वाचला, इतकंच. रोज शंभर वेळा वाचणारा हात ही काही छोटी गोष्ट नव्हे, पण ती ताकद नव्हे.

खरा नवा लाभ दोन ठिकाणी आहे. एक, पाचवा गिअर कामाला लागतो. १०० किलोमीटरला १५००ऐवजी २०६०च्या आसपास फेरे, म्हणजे व्ही-८ला चढ दिसला तरी घाम फुटत नाही. दुसरा लाभ पहिल्या गिअरमध्ये. क्लच सोडताना गाडी पटकन हलते, रहदारीत ती अर्ध्या क्लचवर चालवावी लागत नाही. क्लचचं आयुष्य वाढतं आणि डाव्या गुडघ्याचंही.

पहिल्या गिअरच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्यावा लागतो. टी-५चा पहिला ३.३५. ३.७३च्या एक्सलवर एकूण आकडा साडेबारा. ४.१०वर तो पावणेचौदाच्या जवळ जातो. गाडीचं वजन चौदाशे-साडेचौदाशे किलो, त्यातलं निम्म्याहून कमी मागच्या चाकांवर, आणि टायर २२५ मिलीमीटर रुंद. ही गाडी मुळात २.७३वरसुद्धा पूर्ण दाबली तर मागची चाकं जागच्या जागी फिरवते. तिथे आणखी ओढ देऊन काय करायचं? टायरवाल्याचा धंदा वाढेल.

आणखी एक गंमत आहे. अमेरिकेत गाडी मोजली जाते ती शून्य ते ६० मैलांवर, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटरवर. इंजिन ५५०० फेऱ्यांपर्यंत ताणलं तर २.७३च्या एक्सलवर दुसरा गिअर सव्वाशेच्या जवळ नेतो. ३.५५वर तोच दुसरा गिअर संपतो ९६ला, म्हणजे ६० मैलांच्या उंबरठ्यावर. ३.७३वर ९१ला, आणि ४.१०वर ८३लाच. म्हणजे ३.७३ किंवा ४.१० टाकणाऱ्याला ६० मैल गाठायला जास्तीचा एक गिअर टाकावा लागतो किंवा इंजिन आणखी पिळावं लागतं, आणि कारखान्यातलं इंजिन ४२००च्या पुढे काही नवं देत नाही. गिअर बदलताना अर्धा सेकंद गेला की मिळवलेलं तिथेच गेलं. ‘एवढा खर्च केला आणि घड्याळात तर फरकच नाही’ अशी तक्रार करणाऱ्यांनी एकदा हे गणित करून बघावं. दोष गिअरचा नसतो, मोजपट्टीचा असतो.

४.१० चांगला नाही असं मुळीच नाही. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत, मागे रुंद चिकट टायर लावून, इंजिनावरही काम करून ते सहा हजारांपर्यंत श्वास घेईल असं केलं असेल तर तो योग्यच आकडा आहे. त्या शर्यतीत ही गाडी ताशी दीडशे-एकशे पंचावन्न किलोमीटरने शेवटची रेघ ओलांडते. ४.१०वर तेव्हा चौथ्या गिअरमध्ये इंजिन ५१००च्या आसपास असतं. कारखान्यातल्या इंजिनासाठी ते जास्तच आहे, घडवलेल्या इंजिनासाठी हवं तेवढं. पण तीच गाडी सोमवारी ऑफिसला न्यायची असेल तर ७० मैलांच्या हायवेवर पाचव्यात २५५०च्या आसपासचा आवाज ऐकत बसायचं. शिवाय १० दात्यांचा पिनियन १५ दात्यांच्या पिनियनपेक्षा अंगाने बारीक असतो. ताकदवान इंजिन आणि चिकट टायर यांच्या कात्रीत तोच सापडतो.

आता या सगळ्याला एक ठसठशीत अपवाद. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची त्याच काळातली मस्टँग असेल तर वरचा बराचसा उपदेश विसरा. तिच्या एओडी गिअरबॉक्सचा पहिला गिअर अवघा २.४०. तिथे ३.७३ टाकूनही पहिल्याचा एकूण आकडा नऊच्या खालीच राहतो. मॅन्युअल गाडी २.७३वरसुद्धा नऊच्या वर असते! म्हणजे मॅन्युअलवाल्याला जे कारखान्यातूनच मिळालं ते ऑटोमॅटिकवाल्याला ३.७३ टाकल्यावरही पुरतं मिळत नाही. अशा गाडीत ४.१० टाकणारा उतावळा नव्हे, त्याला गणित येतं.

एक्सलचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, याचा सगळ्यात बोलका पुरावा जपानमध्ये आहे. माझदाची एमएक्स-५ ही छोटी उघडी स्पोर्ट्स कार १९८९ साली आली तेव्हा तिच्या मागच्या एक्सलचा आकडा होता ४.३०. तिच्या चौथ्या पिढीच्या सहा गिअरच्या गाडीत तो आहे २.८६६. आकडे पाहून कुणीही म्हणेल, नवी गाडी मवाळ झाली. पण जुन्या गाडीचा पहिला गिअर ३.१३६, नव्या गाडीचा ५.०८७. गुणाकार करा. जुनी साडेतेराच्या जवळ, नवी साडेचौदाच्या वर. कमी आकड्याच्या एक्सलवाली गाडीच पहिल्यात जास्त जोर लावते, आणि सहाव्यात जास्त शांत धावते. माझदाने सहावा गिअर थेट १.०० ठेवला आणि बाकीचं काम गिअरबॉक्सवर सोपवलं. तिथे कुणी ‘मोठा आकडा बसव’ म्हणालं तर त्याला आधी गिअरबॉक्सचा तक्ता दाखवावा.

नव्या मस्टँगचंही तेच. २०१८पासून तिच्यात दहा गिअरचा ऑटोमॅटिक येतो, पहिला ४.६९६. त्याच्या मागे कारखान्यातलाच ३.५५चा एक्सल असेल तर पहिल्याचा एकूण आकडा साडेसोळाच्या वर. ३.१५चा असला तरी पावणेपंधराच्या आसपास. म्हणजे शोरूममधून निघालेली गाडीच जुन्या, ४.१० टाकलेल्या मॅन्युअल मस्टँगपेक्षा जास्त आक्रमक आहे. तिच्यात आणखी मोठा आकडा टाकणं म्हणजे पहिला गिअर बाद करून टाकणं.

फोर्डने स्वतः काय केलं तेही बघण्यासारखं आहे. २०१२ची शेल्बी जीटी५०० साडेपाचशे हॉर्सपॉवरची होती आणि तिला ३.५५ किंवा ३.७३चा एक्सल मिळत असे. २०१३मध्ये इंजिन ५.८ लिटरचं झालं, ताकद ६६२ हॉर्सपॉवरवर गेली, आणि एक्सलचा आकडा उतरवून ३.३१ केला. दोनशे मैलांपलीकडचा वेग गाठायचा होता आणि इंजिनाकडे इतकी ओढ होती की उसनी ओढ घ्यायची गरज नव्हती. उलट दिशेचं उदाहरण टोयोटाचं. जीटी ८६ला खालच्या फेऱ्यांवर दम नाही अशी ओरड होती. २०१७च्या मॅन्युअल गाडीत कंपनीने आकडा ४.१वरून ४.३ केला. पाच टक्क्यांनाही जेमतेम भिडणारा बदल. ज्यांच्या हातात सगळी मोजमापं होती त्यांनी एवढंच पाऊल टाकलं, ही गोष्ट डोळे मिटून ४.१० टाकणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

टायर हा या हिशेबातला छुपा भागीदार. मोठ्या चाकांच्या हौसेपायी टायरचा व्यास चार टक्क्यांनी वाढवला तर ३.७३चा एक्सल ३.५८सारखा वागू लागतो. चाकं बदलायचीच असतील तर ती आधी ठरवावीत, गिअर नंतर.

आकडा ठरला म्हणजे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं बसवणाऱ्याच्या हातात असतं आणि पैसे वाया जातात ते बहुधा तिथेच. मस्टँगच्या एक्सलला क्राऊनच्या व्यासावरून ‘८.८’ म्हणतात. ८.८ इंच, म्हणजे सव्वाबावीस सेंटिमीटरच्या जवळपास. एवढ्या मोठ्या क्राऊनच्या दात्यात आणि पिनियनच्या दात्यात जी मोकळीक ठेवायची ती असते एक इंचाच्या हजारांश भागात आठ ते पंधरा, म्हणजे मिलीमीटरच्या दोन ते चार दशांशांच्या आत. डायल गेज लावून ती क्राऊनच्या तीन-चार जागी मोजायची. पिनियन आत किती शिरला आहे हे त्याच्या बेअरिंगखाली घातलेल्या पातळ शिमवरून ठरतं. शिम बरोबर की चूक हे कळायला दात्यांना पिवळा लेप लावतात आणि क्राऊन हाताने, थोडा दाब देऊन फिरवतात. दात्यांचा जिथे स्पर्श होतो तिथला लेप पुसला जातो. तो डाग दात्याच्या मध्यावर आला तर ठीक. मुळाशी किंवा टोकाशी सरकला असेल तर पिनियन पुन्हा बाहेर, बेअरिंग पुन्हा ओढून काढायचं, मिलीमीटरच्या विसाव्या भागाचा फरक असलेला दुसरा शिम, पुन्हा लेप, पुन्हा फिरवणं. एका बैठकीत तीन-चार वेळा हे होणं अगदी नेहमीचं. शिवाय पिनियनच्या दोन बेअरिंगमध्ये एक पातळ नळी असते. नट आवळताना ती चेपली जाते आणि बेअरिंगवर हवा तेवढाच ताण येतो. नट केसभर जास्त आवळला गेला की ती नळी फेकायची आणि नवी घालायची. नट सैल करून भागत नाही. आणि नेमकं हेच करून मोकळे होणारे कमी नाहीत.

घाईने बसवलेला एक्सल ओरडून सांगतो. वेग वाढवताना एका सुरात शिट्टीसारखा आवाज येतो, ॲक्सिलरेटर सोडला की तो बदलतो किंवा थांबतो. हे दाते तिरपे आणि वक्र कापलेले असतात, पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो आणि दाते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने असे दाते कापायची यंत्रं आणली. त्यामुळे शाफ्ट खाली आला आणि गाडीचा तळही. पण त्या घसरण्यामुळेच या गिअरला चुकीची जुळणी अजिबात सहन होत नाही आणि साधं तेलही चालत नाही. नोकरीनिमित्त अमेरिकेत असलेल्या आपल्या तरुणांना तिथली तासावर मोजली जाणारी मजुरी पाहून हे काम घरच्या गॅरेजमध्ये करून टाकायचा मोह होतो. ब्रेक पॅड, ऑइल, शॉक ॲब्सॉर्बर, सगळं घरी जरूर करावं. क्राऊन-पिनियन ज्याने पूर्वी बसवले आहेत त्याच्याकडेच द्यावेत.

आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. जुन्या मस्टँगचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधल्या एका छोट्या प्लॅस्टिकच्या गिअरवरून चालतो. २.७३चा एक्सल ३.७३ केला पण तो गिअर बदलला नाही, तर गाडी शंभरने जात असताना काटा १३७वर दिसतो, आणि किलोमीटरचा आकडाही त्याच वेगाने फुगतो. नव्या गाड्यांत हे संगणकात दुरुस्त करावं लागतं. गाडी विकताना हा फुगवटा कुणालाच पटवून देता येत नाही.

भारतात मस्टँग अधिकृतपणे २०१६मध्ये आली, तीही फक्त ऑटोमॅटिक. त्यामुळे ही चर्चा इथे बहुतांशी हौसेची. तरी आयात केलेली किंवा दुसरी मागच्या चाकांवर चालणारी गाडी बाळगणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवावं. नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं आहे. नोंदणी पुस्तकात एक्सलचा आकडा नसतो. वॉरंटी देणारी कंपनी आणि विमा कंपनी मात्र आपापला विचार करतात, त्यांना आधी विचारलेलं बरं.

तेव्हा निवड करताना क्रम असा असावा. टायरचा खरा घेर मोजा, गिअरबॉक्सचा तक्ता काढा, रोज ज्या वेगाने सगळ्यात जास्त चालवता तिथे इंजिनाचे फेरे किती येतात ते कागदावर मांडा. जुन्या मॅन्युअल मस्टँगमध्ये लांबचा प्रवास जास्त असेल तर ३.५५, शहर आणि हायवे मिळून असेल तर ३.७३. नवा संच बसवल्यावर पहिल्याच दिवशी मित्रांना फिरवून आणायला नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटं शांतपणे चालवा, एक्सल पूर्ण गार होऊ द्या, आणि असं दोन-तीनदा करा. पहिले आठशे किलोमीटर गाडी पिळू नका, मग तेल बदला, आणि दोन्ही चाकांना ओढ देणारा क्लचचा डिफरन्शियल असेल तर तेलात त्याचं वेगळं द्रावण घालायला विसरू नका. काढलेल्या तेलात राखाडी, चमचमणारी भुकटी दिसली तर काळजी नको. बोटाला लागेल असा तुकडा दिसला तर गाडी तिथेच उभी करा आणि ज्याने गिअर बसवले त्याला बोलवा.